तबल्याचा गजरा आणि लोखंडी कडें

तबला घेतांना गिऱ्हाईक शाई पाहतें, लाकूड पाहतें, एखादी थाप देऊन स्वर ऐकतें. पण पुडीच्या कडेकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. वास्तविक वाद्य सुरांत कितपत मिळेल आणि वाजविणाराचा हात कितपत सुखी राहील, या दोन्ही गोष्टी पुष्कळ अंशीं त्या कडेवरच अवलंबून असतात.

परंपरागत कड म्हणजे चामड्याची वेणी घालून केलेला गजरा. त्यांतून वादी ओवून पुडी ताणून बसवितात. या ओवणीनें गजऱ्याचे १६ भाग पडतात. त्यांस घरें म्हणतात. वादीखालीं ८ लाकडी गठ्ठे असतात. ते खालीं ठोकले म्हणजे स्वर बराच चढतो. बारीक फरक मात्र गजऱ्यावरच करावा लागतो : हातोडी वरून बसली कीं स्वर चढतो, खालून बसली कीं उतरतो.

प्रत्येक घर सारखें लागणें अवश्य आहे, याचें कारण शास्त्रीय आहे. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर मूळ स्वराशीं जुळत नाहींत. शाईच्या भारानें ते जुळतात, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० सालीं एका सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलें. पण ताण सर्व बाजूंनीं सारखा नसेल, तर एकाच पुडींतून दोन जवळजवळचे स्वर निघतात आणि नाद थरथरतो.

ढोलकास, आणि क्वचित् तबल्यासही, वादीऐवजीं लोखंडी कडें व नटबोल्ट लावितात. पावसाळ्यांत चामडें ओल शोषून सैल पडतें व स्वर उतरतो; अशा वेळीं हातोडीचा सराव नसलेल्या विद्यार्थ्यास पाना फार सोईचा. परंतु दोन बोल्टांमधील जागा निराळी साधतां येत नाहीं. शिवाय डग्ग्यावर मनगट टेकून घासावें लागतें आणि तबल्याच्या चाटेवर तर्जनी जोरानें पडते. गजरा मऊ असल्यानें तो आघात सोसतो. लोखंड सोशीत नाहीं.

क्यूबा बेटांतील काँगा या वाद्याचा इतिहास हेंच सांगतो. पूर्वीं त्याचें कातडें खिळ्यांनीं ठोकीत आणि स्वर चढविण्यासाठीं विस्तवावर शेकीत. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लोखंडी कडें व स्क्रू आले. स्वर मिळविणें सोपें झालें, पण उंच कोर हाताला लागूं लागली. म्हणून पुढें कड्याची कोर बाहेर गोल वळवून कातड्याच्या पातळीखालीं नेण्यांत आली.

तेव्हां मुलासाठीं वाद्य घेतांना प्रथम तळहात कडेवरून फिरवावा. कोठें टोंचतें कीं काय तें पाहावें. मग प्रत्येक घराजवळ 'ना' वाजवून पाहावा. सर्वत्र एकच स्वर आला आणि हातही दुखला नाहीं, तर तें वाद्य रोजच्या रियाजास योग्य समजावें.