उडीच्या चढणीचा खरा शत्रू

१९७० च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियातील मुले मोटारसायकलींच्या शर्यतींचे अनुकरण आपल्या लहानशा सायकलींवर करू लागली. ब्रूस ब्राऊन यांच्या ‘ऑन एनी संडे’ या १९७१ सालच्या माहितीपटाच्या प्रारंभीच धुळीतून सायकली उडविणारी ही मुले दिसतात. त्यांच्या खेळातून ‘बीएमएक्स’ हा क्रीडाप्रकार उदयास आला. २००८ साली बीजिंग येथे त्याच्या शर्यतीला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले, तर २०२१ साली पार पडलेल्या टोकियोच्या स्पर्धांत त्यातील कसरतींचाही समावेश झाला.

मोकळ्या मैदानावर मातीचा उंचवटा पुरतो. परंतु ज्याच्या दारापुढे केवळ फरसबंदी आहे, त्याला उडी घेण्यासाठी लाकडी चढण बांधावी लागते. या चढणीलाच रॅम्प म्हणतात. ती बांधणारा माणूस बहुधा एकाच गोष्टीची चिंता वाहतो : सायकल व स्वार यांचा भार तिला पेलवेल काय? ही चिंता योग्य असली तरी अपुरी आहे. नीट बांधलेली चढण चाकांखाली सहसा मोडत नाही. ती मोडते पाण्यामुळे, आणि तेही आतून, कोणाच्या लक्षात न येता.

प्रथम तिच्या बांधणीचा विचार करू. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडच्या दोन बाजू कापावयाच्या असतात. बाजूच्या खालच्या कडेवर जेथून चढण सुरू व्हावयाची, त्या बिंदूपासून कडेशी काटकोन धरून २४० सेंटिमीटर अंतरावर एक खिळा ठोकावा. त्याला तेवढ्याच लांबीची दोरी बांधून तिच्या टोकाशी पेन्सिल धरावी आणि चाप आखावा. सुमारे ११६ सेंटिमीटर लांबीवर हा चाप ३० सेंटिमीटर उंच होतो आणि त्याचा कोन सुमारे २९ अंश भरतो. नवशिक्याला एवढी उंची पुरेशी आहे. दोन्ही बाजू एकमेकींवर ठेवून एकदमच घासाव्यात, म्हणजे त्या तंतोतंत सारख्या होतात. मग दर २० सेंटिमीटरवर आडव्या पट्ट्या बसवून बाजू जोडाव्यात. पृष्ठभागासाठी जाड फळी वाकत नाही. म्हणून ६ मिलिमीटर जाडीचे दोन थर, सांध्यावर सांधा येऊ न देता, एकावर एक बसवितात. पुढचे निमुळते टोक थोडे छाटून तेथे पोलादी पत्रा लावावा. पत्र्याच्या कडा घासून बोथट कराव्यात व स्क्रूची डोकी आत बुडवावीत.

आता पाण्याकडे वळू. लाकूड म्हणजे सूक्ष्म नळ्यांची जुडीच होय. या नळ्यांच्या तोंडातून पाणी जितक्या त्वरेने आत शिरते, तितके ते फळीच्या सपाट अंगातून शिरत नाही. प्लायवुडमध्ये लगतच्या थरांचे तंतू परस्परांशी काटकोनात असतात. त्यामुळे ते सहजासहजी फाटत नाही. मात्र याच रचनेमुळे त्याच्या प्रत्येक कडेवर कोणत्या ना कोणत्या थराची तोंडे उघडी राहतात. म्हणजे प्लायवुड चारही कडांनी पाणी पिते! पाण्याने थर फुगतात, वाळताना आकसतात आणि हळूहळू सुटू लागतात. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांहून कमी असला तर कुजविणारी बुरशी वाढू शकत नाही. तो दीर्घकाळ ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक राहिला की तिचे फावते.

यावरून उपाय आपोआप सुचतात. प्लायवुड जलरोधी डिंकाचे घ्यावे. भारतात त्यावर ‘बीडब्ल्यूआर’ ही अक्षरे असतात. जोडणीपूर्वीच प्रत्येक तुकड्याला सर्व अंगांनी रोगण द्यावे. कडांना निदान तीन हात द्यावेत. स्क्रूसाठी आधी भोके पाडावीत, तीही रोगणाने भिजवावीत आणि जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू वापरावेत. पृष्ठभागावरील ओल्या रोगणावर बारीक वाळू भुरभुरली की चाक घसरत नाही. खाली रबरी ठोकळे लावून चढण जमिनीपासून किंचित उचललेली ठेवावी.

केवळ वरच्या बाजूला जाड रोगण फासणे मात्र घातक ठरते. एखाद्या भोकातून शिरलेले पाणी त्या कवचाखाली कोंडले जाते. जमिनीलगत घट्ट बांधलेली ताडपत्रीही असाच ओलावा धरून ठेवते. पाणी अडविण्याइतकेच शिरलेल्या पाण्याला बाहेर पडू देणेही महत्त्वाचे असते.

येथेच चढण हलविता येण्याचे खरे मोल कळते. उंच टोकाच्या मागे दोन चाके अशी लावावीत, की दुसरे टोक उचलल्यावरच ती जमिनीस टेकतील. मग एकटा माणूसही ती हातगाडीसारखी ओढून आडोशाला नेऊ शकतो आणि भिंतीशी तिरपी उभी करू शकतो. खेळ संपल्यावर छपराखाली गेलेल्या चढणीला रोगणापेक्षाही अधिक संरक्षण मिळते.

जुन्या लाकडाविषयी एक इशारा आवश्यक आहे. अमेरिकेत कुंपणे व सज्जे यांच्या लाकडात पूर्वी तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण मुरवीत असत. २००३ सालच्या अखेरीस बहुतेक घरगुती उपयोगांसाठी ही प्रथा थांबली. असे लाकूड मुलांच्या खेळण्यासाठी वापरू नये. त्याचा भुसाही श्वासात जाऊ देऊ नये व ते जाळू नये.

महिन्यातून एकदा चढण उलटी करावी आणि आडव्या पट्ट्यांच्या टोकांशी व स्क्रूंच्या भोवती पेचकसाचे टोक दाबून पाहावे. निरोगी लाकूड टोकाला विरोध करते. कुजलेले मऊ पडून त्याला आत घेते. असा तुकडा त्याच दिवशी बदलावा आणि तोपर्यंत उडी बंद ठेवावी. वरून चकचकीत दिसणाऱ्या चढणीवर मूल निःशंक मनाने वेग घेते. त्याचा हा विश्वास सार्थ आहे की नाही, हे तपासण्याचे काम मोठ्यांचे आहे.