काचेवरचा न हलणारा ठिपका

आकाशातल्या वाटा : लेखांक ९

८ ऑगस्ट २००९, शनिवार. न्यू जर्सीतल्या टेटरबरो विमानतळावरून सकाळी ११ वाजून ४९ मिनिटांनी एक एकइंजिनी पायपर विमान निघालं. आत पायलट आणि दोन प्रवासी. तीनेक मिनिटांनी नदीपलीकडे, मॅनहॅटनच्या काठावरून एक हेलिकॉप्टर पाच इटालियन पर्यटकांना घेऊन उठलं. ११ वाजून ५३ मिनिटांनी होबोकेनजवळ, हडसन नदीच्या वर सुमारे ११०० फुटांवर दोन्हींची धडक झाली. नऊच्या नऊ माणसं गेली. हवा स्वच्छ होती.

लख्ख उजेडात, लांबवरचं दिसत असताना अशी धडक होतेच कशी, हा प्रश्न कुणालाही पडेल. गेल्या लेखांकात आपण ढगातून, केवळ उपकरणांच्या भरवशावर जाणारं विमान पाहिलं. तिथे दोन विमानांत अंतर राखण्याची जबाबदारी कंट्रोलरची. छोट्या विमानांचं बरंचसं उड्डाण मात्र मोकळ्या हवेत, नजरेच्या भरवशावर चालतं. त्याचा नियम ऐकायला अगदी सोपा आहे : पाहा आणि टाळा. यातलं ‘पाहा’ किती अवघड आहे, ते आज समजून घेऊ.

आपली नजर हालचाल चटकन टिपते. डोळ्याच्या कोपऱ्यात पाल सरकली तरी मान वळते. पण जे विमान तुमच्यावर येऊन आदळणार आहे, नेमकं तेच हलताना दिसत नाही. दोन सरळ रस्ते एका फाट्यावर मिळतात असं समजा. दोन गाड्या आपापल्या एकसारख्या वेगाने फाट्यावर एकाच क्षणी पोहोचणार असतील, तर तुमच्या काचेत दुसरी गाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जागी दिसत राहते. ती जागा काचेच्या कडेच्या खांबामागे असेल, तर ती गाडी दिसतच नाही. काचेवर जो ठिपका पुढे किंवा मागे सरकतो, तो निघून जाणार असतो. जो जागचा हलत नाही, फक्त हळूहळू मोठा होतो, त्याची भीती धरायची.

हे ‘हळूहळू’सुद्धा फसवं आहे. समोरासमोर येणारी दोन छोटी विमानं प्रत्येकी १२० नॉटने उडत असतील, तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला जवळपास १२३ मीटरने घटतं. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या हिशेबानुसार, वस्तू दिसणं, ते विमान आहे हे ओळखणं, ते आपल्यावर येतंय हे उमगणं, काय करायचं ते ठरवणं, हात हलणं आणि शेवटी विमान वळणं, या सगळ्याला मिळून १२.५ सेकंद लागतात. त्यातली पाच सेकंदं केवळ ‘हे आपल्यावर येतंय’ एवढं कळायला जातात. म्हणजे ते विमान किमान दीड किलोमीटरवर असतानाच दिसायला हवं. तेवढ्या अंतरावर सेसना १७२चे पसरलेले पंख पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढेही भरत नाहीत, आणि समोरून ते पंख म्हणजे एक बारीक रेघ. त्यानंतर अंतर निम्मं झालं की आकार दुप्पट. शेवटच्या दोन-तीन सेकंदांत ते एकाएकी काच भरून टाकतं.

हडसनवर हेच घडलं. पायपरच्या पायलटला समोरचं हेलिकॉप्टर अगदी शेवटच्या काही सेकंदांपर्यंत मॅनहॅटनच्या इमारतींच्या गर्दीवर एक लहानसा, जवळपास स्थिर ठिपका म्हणून दिसलं असणार. हेलिकॉप्टरवाल्याच्या तर पायपर मागून आलं. चौकशीत आणखी गोष्टी पुढे आल्या : टेटरबरोचा कंट्रोलर खासगी फोनवर बोलत होता, पायपरच्या पायलटला १२७.८५ ही फ्रीक्वेन्सी दिली होती, त्याने ती १२७.८७ अशी परत उच्चारली आणि ती चूक दुरुस्त झाली नाही. दोन्हींकडे आसपासची वाहतूक दाखवणारी यंत्रणा होती, तिचाही उपयोग झाला नाही. तरीही चौकशी मंडळाने कारणांत पहिल्या ओळीत ठेवली ती ‘पाहा आणि टाळा’ या पद्धतीची अंगभूत मर्यादा. मला हा निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो. कारण एरवी अशा अपघातानंतर ‘पायलटचं लक्ष नव्हतं’ एवढं म्हणून प्रकरण मिटवलं जातं.

मग पायलट काय करतात? भिरभिरत्या नजरेने आकाश चाळून काही हाती लागत नाही, कारण डोळ्याला बारीक तपशील दिसतो तो मधल्या अगदी छोट्या भागानेच. म्हणून आकाशाचे दहा-दहा अंशांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकावर निदान एक सेकंद नजर थांबवायची. रिकाम्या निळ्या आकाशात आणखी एक अडचण येते. बघण्यासारखं काही नसलं की डोळा आपोआप काही मीटरांवरच स्थिरावतो आणि दूरचं धूसर होतं. म्हणून मधूनमधून लांबचा एखादा डोंगर पाहून नजर पुन्हा लांब न्यायची. सेसनासारख्या वर पंख असलेल्या विमानाला वळताना वळणाच्या बाजूचं दिसत नाही, तर पायपरसारख्या खाली पंख असलेल्याला पोटाखालचं. एकाच धावपट्टीकडे वरून पायपर आणि खालून सेसना उतरत असतील, तर दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती अशी. म्हणून वळण्याआधी पंख जरा उचलून त्या बाजूला पाहून घेण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावतात.

दिसल्यावर टाळण्याचे नियम ठरलेले आहेत. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरा आहे त्याने वाट द्यायची.

हडसनवर मात्र नुसत्या नजरेवर भागणार नाही, हे मान्य झालं. १९ नोव्हेंबर २००९पासून नवे नियम लागू झाले. केनेडी, लाग्वार्डिया आणि न्यूअर्क या तीन विमानतळांच्या नियंत्रित हवेखाली नदीवर जी मोकळी पट्टी आहे, तिथे उत्तरेकडे जाणाऱ्याने पूर्व काठ धरायचा, दक्षिणेकडे जाणाऱ्याने पश्चिम काठ. वेग १४० नॉटपेक्षा जास्त नाही. १००० फुटांखाली स्थानिक घिरट्या, त्यावर १३०० फुटांपर्यंत फक्त पार होऊन जाणारे. दिवे लावलेले. आणि एका ठरावीक फ्रीक्वेन्सीवर, जॉर्ज वॉशिंग्टन पूल, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा अशा खुणांशी प्रत्येकाने स्वतःचा ठावठिकाणा मोठ्याने सांगायचा. पूर्वी यातलं बरंचसं ऐच्छिक होतं.

यंत्रांची मदत रक्त सांडल्यावरच सक्तीची झाली. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजेलिसजवळ सेरिटोसवर एक छोटं पायपर परवानगीविना नियंत्रित हवेत शिरलं आणि एरोमेक्सिकोच्या जेटला धडकलं. जमिनीवरच्यांसह ८२ जण मेले. त्या पायपरचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला उत्तर देणारं उपकरण, उंची कळवत नव्हता. त्यानंतर अमेरिकेत मोठ्या विमानतळांभोवती ३० सागरी मैलांत उंची कळवणारा ट्रान्सपॉन्डर सक्तीचा झाला, आणि प्रवासी जेटमध्ये धडक टाळणारी यंत्रणा आली. २०२०पासून त्याच भागात विमानाने स्वतःची जागा सतत प्रक्षेपित करणंही बंधनकारक आहे.

न्यू जर्सीत आपली मराठी माणसं पुष्कळ आहेत आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना अशी आकाशसफर घडवणारेही त्यात असतील. यंत्रं आली तरी पाहणारे जादा डोळे उपयोगीच. म्हणून छोट्या विमानात बसाल तेव्हा विमानाचं नाक म्हणजे घड्याळातले बारा धरा. उजवीकडे तिरकं काही दिसलं तर ‘दोन वाजता, आपल्यापेक्षा खाली’ असं पायलटला लगेच सांगा. त्याने आधीच पाहिलं असेल असं समजून गप्प राहू नका.