हौशी विमानबांधणी आणि व्यावसायिक मदत
मुंबईतील कांदिवलीत वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले आणि 2017 मध्ये त्याची अधिकृत नोंदणीही झाली, ही धडाडी निःसंशय अभिमानास्पद आहे. ते विमान स्वतंत्र आराखड्याचे होते. कारखान्याने पुरवलेले सुटे भाग जोडून जे तयार होते त्याला किट विमान म्हणतात, आणि तेथे हौशी बांधणी कोणती हा प्रश्न अधिक बिकट होतो. अमेरिकेतील नियमानुसार निम्म्याहून अधिक काम हौशी व्यक्तींनी शिक्षणासाठी वा छंदासाठी स्वतः केलेले असावे लागते. कारागिराला पैसे देऊन पंखाचे रिव्हेट ठोकून घेण्यास मनाई नाही, परंतु ते काम या हिशेबात मालकाच्या नावे धरले जात नाही.