फुफ्फुसातलं पाणी मोजताना

जालन्याहून मंठ्याकडे निघालं की वाटेत वाटूर फाटा लागतो. इथून एक रस्ता परतूरला वळतो. मध्यरात्री दम लागलेलं माणूस जीपमध्ये घालून निघालेल्या नातेवाइकांना इथंच ठरवावं लागतं, जवळचं परतूर बरं की थेट जालना.

अशा रुग्णाचा पहिला पुरावा म्हणजे त्याचं बसणं. तो पुढं वाकून, हात टेकून बसतो. "आडवं झालं की जीव कोंडतो, डॉक्टरसाहेब. भिताडाला टेकूनच रात काढली," हे वाक्य मराठवाड्यातल्या डॉक्टरांच्या ओळखीचं. डॉक्टर घोट्यावर अंगठा दाबून खळगा राहतो का पाहतात, मानेची शीर पाहतात, मग पाठीच्या खालच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवतात. कानाजवळ केसांची बट चोळल्यासारखा चरचर आवाज आला, की फुफ्फुसात पाणी साचल्याचा संशय बळावतो. बोटाला ऑक्सिमीटर लागतो, एक्स-रे लिहून दिला जातो.

यातली अडचण अशी की हे सगळे पाण्याचे परिणाम आहेत. हृदय जुनं कमजोर असेल तर आत दाब वाढलेला असूनही छाती कानाला कित्येकदा साफ लागते. चरचर ऐकू येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

मायक्रोवेव्ह सेन्सर थेट पाण्यालाच गाठतो. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण. त्यामुळं विद्युत क्षेत्र बदललं की तो त्याच्यामागं वळतो. विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो, त्याचं माप हवेसाठी १ आणि पाण्यासाठी ८० च्या आसपास. हवेनं भरलेलं फुफ्फुस या दोहोंच्या मध्ये, पण बरंच खाली असतं. पाणी साचू लागलं की आकडा चढतो. छातीवर एक आणि पाठीवर एक सेन्सर ठेवून अगदी क्षीण लहरी आरपार पाठवल्या, तर त्या किती मंदावल्या आणि किती शोषल्या गेल्या यावरून आतल्या पाण्याचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेत यूटा विद्यापीठातल्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात यावर प्रयोग केले होते. पुढं इस्रायलमधल्या सेन्सिबल मेडिकल या कंपनीनं 'रेड्स' नावाचं अंगावर चढवायचं यंत्र बनवलं. बसल्या जागी, कपड्यांवरून, ४५ सेकंदांत ते टक्केवारी सांगतं. २० ते ३५ टक्के म्हणजे ठीक. त्यावर गेलं तर पाणी वाढलं.

पाणी दिसायच्या आधीच ते ओळखण्याची धडपड जालना जिल्ह्याला परकी नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर याच जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं फुफ्फुसात पाणी होऊन दगावत होती. पुस्तकांत याचा नीट उलगडा नव्हता. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब टिपत राहिले. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही पुढच्या संकटाची आगाऊ लक्षणं आहेत, हे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. विषामुळं रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर ताण येतो, हे ओळखून त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरली. ४० टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण १ टक्क्यापर्यंत उतरलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

सेन्सरला मात्र कारण कळत नाही. पाणी हृदयामुळं आलं, विंचवामुळं की ते न्यूमोनियाचं आहे, हे डॉक्टरांनाच ठरवावं लागतं. शिवाय तो दोन सेन्सरांमधल्या पट्ट्यापुरतंच पाहतो.

आणखी एक अडचण वाटूरसारख्या गावात जास्त जाणवेल. 'रेड्स'वरच्या अनेक अभ्यासांत १५५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या आणि २२ पेक्षा कमी बीएमआय असलेल्या रुग्णांना वगळलं होतं, कारण यंत्राचं गणित ठरावीक मापाच्या छातीवर बसवलेलं आहे. भारतीय बाईची सरासरी उंचीच १५२ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे कापूस वेचणाऱ्या, हडकुळ्या बांध्याच्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणी या मापात बसणारच नाहीत.

ही मापं इथल्या शरीरांवर नव्यानं घेता येतील. मायक्रोवेव्हचं तंत्र महाराष्ट्रात आहेच. पवईच्या आयआयटीच्या आवारात 'समीर' ही केंद्र सरकारची संस्था १९८४ पासून याच क्षेत्रात काम करते. तोवर हृदयरोग्याच्या घरी उपयोगी पडेल असं साधन म्हणजे साधा वजनकाटा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करून वहीत लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते बहुधा अंगात साठलेलं पाणी असतं, आणि दम लागायची वाट न पाहता दिवसाउजेडी डॉक्टरांकडं जाता येतं.