सुट्टीत वाचन सुटू नये म्हणून...



निकाल लागला की मुलं मामाच्या गावाला पळतात. पळू द्या! पण जूनमध्ये शाळा उघडली की मला दरवर्षी एक गोष्ट दिसते. एप्रिलमध्ये घडाघडा वाचणारं मूल 'सूर्य', 'चक्र' अशा शब्दांपाशी अडखळतं. मूल तेच असतं, फक्त सराव तुटलेला असतो. मग ते वर्गात मोठ्याने वाचायला लाजतं, आणि ही लाज घालवायला दिवाळी उजाडते.

पूर्वी मी सुट्टीसाठी वीस पानं शुद्धलेखन द्यायचे. वह्या पूर्ण होऊन यायच्या, पण कितीतरी वह्यांत अक्षर ताईचं नाहीतर आईचं! चूक माझीच होती. आता मी एकच सांगते : रोज १५ मिनिटं, मोठ्याने, कुणाला तरी वाचून दाखवायचं.

यातलं 'कुणाला तरी' महत्त्वाचं. ऐकणारं माणूस असलं की वाचायला कारण मिळतं. आजोबांना बातमी, धाकट्या भावाला गोष्ट. स्वतःला वाचता येत नसलं तरी पालक ऐकू शकतात. मूल अडलं तर लगेच शब्द सांगू नका, मनात पाचपर्यंत मोजा. बहुतेक वेळा ते स्वतःच वाचतं.

काय वाचायचं?

बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. लहानांसाठी 'स्टोरीविव्हर'वर मराठी चित्रगोष्टी आहेत, त्याही मोफत.

सोबत हे करून पाहा :

१. लग्नपत्रिका : घरात आलेल्या पत्रिकेतली जोडाक्षरं शोधून गोल करायचे. तारीख, मुहूर्त, ठिकाण मुलानेच सांगायचं.

२. पन्ह्याची कृती : आजीला विचारून मुलाने कृती लिहायची. मग दुसऱ्याने फक्त ती वाचून पन्हं करायचं. गूळ लिहायचा राहिला, तर पहिल्याच घोटाला कळेल!

३. एसटीचा प्रवास : वाटेतल्या गावांच्या पाट्या वाचून नावं क्रमाने लिहायची.

यातलं एखादंच जमलं तरी चालेल. एखादा दिवस चुकला तर रागावू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. शिक्षक मित्रहो, जूनमध्ये वह्या तपासण्याऐवजी मुलांना एवढंच विचारू या, "सुट्टीत कुणाला काय वाचून दाखवलंस?"

सर्व बालमित्रांना सुट्टीच्या खूप खूप शुभेच्छा!