दोर, दंड आणि लुळा पडलेला पंजा

गेल्या महिन्यात एक पत्र आले. लिहिणारा आपल्याच जिल्ह्यातला, वय तिशीच्या आत, सध्या नोकरीनिमित्त जपानमध्ये. हे सदर त्याची आई त्याला नियमित पाठवते म्हणे. ओळख पटेल असा मजकूर गाळून त्याचे म्हणणे सांगतो. तो मित्रांबरोबर टोकियोत दोरबांधणीच्या एका वर्गाला गेला आणि तिथे त्याने स्वतःला बांधून घेतले. हात पाठीमागे, दोर दंडांवरून व छातीवरून, आणि थोडा वेळ अर्धवट टांगलेली अवस्था. दुखले असे फारसे काही नाही. सोडवल्यावर मात्र उजवा पंजा मनगटातून खाली लोंबू लागला. तिथल्या डॉक्टरांना त्याने ‘हातावर झोपलो होतो’ असे सांगितले. त्याला दोन आठवडे झाले होते. प्रश्न तीन. हात बरा होईल का? डॉक्टरांना खरे सांगावे का? आणि मी मनोरुग्ण आहे का?

त्याला स्वतंत्र उत्तर पाठवले आहे. पण हा विषय सदरात घेण्याला कारण आहे. घरात मोठ्याने वाचताना काहींना अवघडल्यासारखे होईल, त्यांनी मनात वाचावे.

जपानमध्ये या प्रकाराला ‘किनबाकु’ म्हणतात, म्हणजे घट्ट बांधणे. बाहेरच्या देशांत ‘शिबारी’ हा शब्द अधिक चालतो. त्याचा अर्थ नुसते बांधणे. याची मुळे तोकुगावा राजवटीपर्यंत (१६०३ ते १८६८) नेऊन दाखवतात. त्या काळी कैदी दोराने बांधण्याची एक विद्याच होती, तिचे नाव होजोजुत्सु. कैद्याचा दर्जा आणि गुन्हा पाहून बांधणी ठरे. त्या काळातील शिक्षेची साधने टोकियोतील मेइजी विद्यापीठाच्या संग्रहालयात आजही मांडलेली आहेत. पुढे इतो सेइउ (१८८२ ते १९६१) या चित्रकाराने बांधलेल्या स्त्रियांची चित्रे व छायाचित्रे केली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली सुरू झालेल्या ‘कितान क्लब’ या मासिकातून हा विषय वाचकांपर्यंत गेला, आणि १९७४ मध्ये त्यावर ‘हाना तो हेबी’ हा चित्रपटही निघाला. म्हणजे शिक्षेचा दोर हळूहळू प्रौढांच्या खाजगी आवडीचा आणि रंगमंचावरील प्रयोगाचा दोर झाला.

बांधणाऱ्याला ‘नावाशी’ किंवा ‘बाकुशी’ म्हणतात. नुरेकि चिमुओ, आकेचि देन्कि ही त्यातली जुनी नावाजलेली मंडळी. युकिमुरा हारुकि हे तर टांगण्यापेक्षा जमिनीवर, समोरासमोर बसून सावकाश बांधण्यासाठी ओळखले जात. डॉक्टर म्हणून मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. त्याचे कारण पुढे येईलच. दोर बहुधा तागाचा, सुमारे ६ मिलिमीटर जाडीचा, सात-आठ मीटर लांब. ताग म्हणजे आपल्या गोणपाटाचाच. जगातला बहुतेक ताग आपल्या बंगालात आणि बांगलादेशात पिकतो.

आता दंडाकडे वळू. वाचकांनी डाव्या हाताने आपला उजवा दंड धरावा. खांद्याचा गोल स्नायू बाहेरच्या बाजूला जिथे संपतो, तिथून थोडे खाली बोट दाबून पाहावे. हाड लगेच हाताला लागते. मनगट व बोटे वर उचलणाऱ्या स्नायूंना आज्ञा नेणारा मज्जातंतू, ज्याला आम्ही रेडियल नर्व्ह म्हणतो, तो हाडाला मागून वळसा घालून याच भागात बाहेर येतो. इथे त्याच्यावर मांसाची गादी जवळजवळ नाही. खाली हाड, वर दोर आणि मध्ये तंतू. माणूस जमिनीवर असेल तर दोराचा ताण बेताचा राहतो. टांगले की देहाचे वजन दोरावर येते आणि नेमक्या या जागी दाब बसू शकतो.

लोकांना भीती वाटते ती रक्त अडकण्याची. हात निळा पडला, गार पडला की सगळे धावतात, आणि दोर वेळेत सोडला तर रंग परत येतो. मज्जातंतूचे तसे नाही. हात गुलाबी, उबदार, नाडी ठणठणीत, आणि आत तंतू चेपला जातो आहे. अनेकदा दुखतही नाही. थोडा बधिरपणा येतो, तोही पंजाच्या मागच्या बाजूला, अंगठा व तर्जनी यांच्या मध्ये. बोटांची टोके शाबूत असतात, म्हणून बांधलेला माणूस ‘ठीक आहे’ म्हणतो. जाणकार नावाशी म्हणूनच नुसते विचारत नाहीत, दर थोड्या वेळाने मनगट मागे उचलून दाखवायला सांगतात. ते जमेना, की तिथेच थांबायचे. हाताशी पट्टी कापायची जाड बोथट टोकाची कात्री असलीच पाहिजे. गाठी सोडवत बसायचे नाही, दोर कापायचा. गळ्याला दोर तर कधीच नाही. रोममध्ये २०११ साली अशा खेळात एका तरुणीचा जीव गेला. मधुमेह असलेल्यांचे मज्जातंतू आधीच नाजूक झालेले असतात, आणि दारू प्यालेल्या माणसाला धोक्याची सूचना कळतच नाही.

डॉक्टरांना खरे का सांगायचे, याबद्दल माझाच एक किस्सा. नुकताच दवाखाना उघडला होता. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी एका तरुणाला घेऊन वडील आले. हात लुळा, घरच्यांनी लकवा ठरवलेला. मी विचारले, काही लागले? पडलास? तो नाही नाही म्हणत राहिला. मीही घाबरलो आणि मेंदूच्या तपासण्यांसाठी त्याला मोठ्या गावी पाठवले. पैसे गेले, आईने रडून घर डोक्यावर घेतले. चौथ्या दिवशी वडील औषध आणायला बाहेर गेले, तेव्हा तो हळूच म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, त्या रात्री जास्त झाली होती. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून तसाच झोपलो.’ हाच तंतू, हीच जागा. वडिलांना मी आधीच बाहेर बसवायला हवे होते. चूक माझी. सात आठवड्यांत तो बरा झाला.

म्हणून त्या तरुणाला लिहिले की ‘हातावर झोपलो’ हे अगदीच चुकीचे नाही, पण अपुरे आहे. दोर किती ठिकाणी होता, किती वेळ होता, वजन कुठे आले, यावर डॉक्टर ठरवतात की इजा एका जागी आहे की खांद्यातही ताण बसला आहे. नुसता दाब बसला असेल तर काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत हात सुधारतो. आतला तंतू तुटला असेल तर तो दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो. १५ सेंटीमीटर अंतर धरले तर पाच महिने. तंतूतून विद्युतप्रवाह कसा जातो हे पाहणारी तपासणी दोन-तीन आठवड्यांनंतर केली की अधिक बोलते. तोवर मनगटाला आधाराची पट्टी लावावी आणि बोटांचे सांधे दुसऱ्या हाताने हलवत राहावे. जोरात मालीश, शेक नको. बधिर कातडीला चटका कळत नाही.

तिसरा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी २०२२ पासून लागू झाली. प्रौढांनी परस्परसंमतीने केलेल्या अशा गोष्टींना तिने आजार मानलेले नाही. संमती नसेल तर गोष्ट वेगळी. तो आवडीचा प्रश्न उरत नाही, गुन्हा होतो. पत्रावरून मला तरी हा मुलगा चांगला शहाणा वाटला. फक्त घाबरलेला होता.

परवा त्याचे दुसरे पत्र आले. त्याने तिथल्या डॉक्टरांना सगळे सांगितले, त्यांनी चेहऱ्यावर काहीही न दाखवता लिहून घेतले आणि तपासणी करवली. मनगट आता टेबलावरून दोन बोटे वर येते. अंगठा अजून उचलत नाही. अंगठा बहुधा सगळ्यात शेवटी येतो, हे त्याला कळवले आहे.