स्वमग्न बालकाची वेळीच ओळख

मूल उशिरा बोलू लागले की आपल्या वऱ्हाडात वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते : "याचा बाप बी उशिराच बोलला होता." पुष्कळदा ते खरेही ठरते. परंतु काही बालकांच्या बाबतीत या दिलाशापायी मोलाची दोन-तीन वर्षे वाया जातात. स्वमग्न बालके त्यांपैकीच होत.

स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतील ती एक भिन्नता आहे. बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा बालकांच्या निरीक्षणांवरून तिचे सविस्तर वर्णन केले. आईची माया कमी पडल्याने मूल असे होते, असा समज पुढे बराच काळ रूढ होता. १९७७ साली फोल्स्टीन व रटर यांनी जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा दाखवून दिला आणि त्या समजाचा आधारच गेला. सुनेला बोल लावणे मात्र अद्याप थांबलेले नाही, ही खेदाची गोष्ट होय.

वर्षाचे मूल नावाने हाक मारली असता वळून पाहत नाही, नजरेस नजर देत नाही. दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही, आईचा हात धरून तिकडे ओढते. दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडीत नाही, किंवा आलेले शब्द विसरते. सायकलचे चाक तासन्तास फिरवीत बसणे, पोळ्याच्या वाजंत्रीने कासावीस होऊन कान झाकणे, नेहमीची वाट बदलताच आकांत करणे, हीही लक्षणे होत. एखाद्याच लक्षणावरून निष्कर्ष काढू नये. मेळघाटात तर अधिकच जपावे. घरी कोरकू बोलणारे मूल मराठी शाळेत गप्प राहिले, तर तो दोष भाषेचा असू शकतो.

मुलींपेक्षा मुलांत हे प्रमाण जवळपास चौपट आढळते. भावंड स्वमग्न असणे, आईवडिलांचे वाढलेले वय, अपुऱ्या दिवसांचा जन्म, गरोदरपणी घेतलेले व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचे औषध, यांमुळे शक्यता वाढते. लशीचा संबंध नाही. तसे सुचविणारा १९९८ सालचा लेख 'लॅन्सेट'ने २०१० साली मागे घेतला. ग्रामसभेत हा प्रश्न निघाल्यास हे निःशंकपणे सांगावे.

काही स्वमग्न बालकांत पहिल्या दोन वर्षांत मेंदूची वाढ नेहमीपेक्षा वेगाने होते, तसेच मेंदूच्या दूरदूरच्या भागांतील जोडण्या निराळ्या असतात, असे संशोधनात दिसून आले आहे. तथापि केवळ मेंदूच्या छायाचित्रावरून निदान होत नाही. त्यासाठी महागड्या तपासण्यांवर पैसा घालवू नये. निदान होते ते बालकाचे वागणे जाणकाराने पाहून.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी करतात. शंका असलेले मूल त्या दिवशी हजर राहील, एवढे अंगणवाडी सेविकेने व शिक्षकांनी पाहावे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत तो आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळते. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखावयाच्या पाच टक्के निधीवर या बालकांचाही तितकाच हक्क आहे.